निरीक्षक, मालकसंघ आणि कामगार : कारखान्यातील सुरक्षिततेच्या इतिहासाकडे एक दृष्टिक्षेप



ज्या गुरुवर्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला इयत्ता आठवीत निबंध लिहायला शिकवले. ‘शब्द लिहिण्यापूर्वी तो कोणाच्या सोयीचा आहे, हे पाहा,’ असे ते सांगत. त्या वेळी त्याचा अर्थ फारसा उमगला नव्हता. पुढे मराठीचा अध्यापक झालो, एकोणिसाव्या शतकातील मराठी नियतकालिकांवर प्रबंध लिहिला, आणि जुनी वृत्तपत्रे चाळता चाळता त्या वाक्याची सत्यता हळूहळू पटत गेली. आजचा विषय साहित्याचा नाही, म्हणून काही श्रोत्यांना आश्चर्य वाटेल. मराठीच्या माणसाने कारखान्यातील सुरक्षिततेवर का बोलावे, असेही कोणी विचारील. त्याचे उत्तर माझ्या घरात आहे, आणि ते प्रथम सांगणे मला प्रामाणिकपणाचे वाटते.

माझे वडील इंदूरच्या एका कापड गिरणीत टाइम ऑफिसात कारकून होते. गिरणीचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. त्या काळी बहुतेक ठिकाणी हेच चालत असे. हजेरीपटाबरोबर अपघातांची नोंदवही ठेवण्याचे कामही त्यांच्याकडे होते. तिच्यात ‘कारण’ असा एक रकाना होता आणि त्यात बहुधा एकच मजकूर पडे : कामगाराचा स्वतःचा निष्काळजीपणा. १९५९ साली माझ्या धाकट्या काकांच्या उजव्या हाताची तीन बोटे त्याच गिरणीच्या कार्डिंग खात्यात यंत्राच्या दातेरी चाकांत गेली. ती नोंदही वडिलांनीच केली, आणि रकान्यात तेच शब्द लिहिले. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. त्या रात्री वडील जेवले नाहीत, एवढेच मला आठवते.

कारखान्यावर देखरेख करणारे सरकार आणि कारखानदारांच्या संघटना यांनी एकमेकांशी कसे वागावे, सहकार्याने की धाकाने, हा प्रश्न माझ्यापुढे त्या रकान्यातून उभा राहिला. आज त्याच्या इतिहासाचे काही टप्पे आपल्यापुढे ठेवतो.

१. आरंभ : इंग्लंड

कारखान्यांसाठी पगारी सरकारी निरीक्षक नेमण्याची पद्धत इंग्लंडमध्ये १८३३ च्या कायद्याने सुरू झाली. साऱ्या देशासाठी निरीक्षक नेमले गेले चार. त्यांतील लेनर्ड हॉर्नर यांचे नाव इतिहासात राहिले. आरंभी त्यांचा भर मुलांच्या कामाच्या तासांवर होता. १८४४ च्या कायद्याने मात्र धोक्याच्या यंत्रांभोवती कुंपण घालणे मालकावर बंधनकारक झाले. छताखालून फिरणाऱ्या शाफ्टमध्ये कपडा अडकून माणूस वर खेचला जाणे, ही त्या काळातील नित्याची गोष्ट होती.

यावर मालकवर्गाची प्रतिक्रिया काय झाली? १८५५ मध्ये मँचेस्टर येथे कारखानदारांनी एक राष्ट्रीय संघ स्थापन केला. त्याचा हेतू सुरक्षितता वाढविण्याचा नव्हता. कुंपणाच्या सक्तीला विरोध करण्याचा होता. कादंबरीकार चार्ल्स डिकन्स यांच्या साप्ताहिकाने या संघावर कडाडून टीका केली. तरीही १८५६ मध्ये संसदेने ती तरतूद सैल केली. सुरक्षिततेच्या प्रश्नावर मालक संघटित झाले आणि सरकारने त्यांचे ऐकले, असा हा आरंभीचा प्रसंग. आणि त्याची निष्पत्ती कामगाराच्या हिताची झाली नाही. मालकसंघ आणि सरकार यांची जवळीक ही आपोआप चांगली किंवा आपोआप वाईट नसते. ती कशासाठी आहे आणि तिथे आणखी कोण हजर आहे, यावर तिचा गुण ठरतो. हे सूत्र आपण पुढे तपासून पाहू.

२. मुंबई : १८७५ ते १८९१

हिंदुस्थानात हा प्रश्न प्रथम मुंबईत उभा राहिला. १८७५ मध्ये मुंबई सरकारने गिरण्यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी एक आयोग नेमला. त्याच वर्षी मुंबईच्या गिरणी मालकांचा संघही स्थापन झाला. आयोगातील बहुसंख्य सदस्यांचे मत कायद्याच्या विरुद्ध पडले. तरीही सोराबजी शापुरजी बंगाली यांच्यासारख्या गृहस्थांनी आग्रह सोडला नाही, आणि १८८१ मध्ये पहिला कारखाना कायदा संमत झाला. शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या, यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांना तो लागू होता. सात वर्षांखालील मुलांना कामास मनाई, सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तास, धोक्याच्या यंत्रांना कुंपण आणि अपघाताची सूचना, एवढ्यापुरता तो मर्यादित होता. प्रौढ स्त्रीपुरुषांच्या तासांबद्दल त्यात अक्षर नव्हते.

येथे एक अवघड गोष्ट मान्य केली पाहिजे. आपल्या राष्ट्रीय बाण्याच्या बहुतेक वृत्तपत्रांनी या कायद्याला विरोध केला. त्यांच्या विरोधात तथ्य मुळीच नव्हते असे नाही. मुंबईच्या गिरण्यांची स्पर्धा लँकेशायरच्या मालकांना जाचू लागली होती, आणि हिंदी कामगाराविषयी त्यांना अकस्मात आलेला कळवळा संशयास्पदच होता. परंतु परक्याचा हेतू अशुद्ध आहे म्हणून घरच्या कामगाराचे दुःख खोटे ठरत नाही. विद्यार्थिदशेपासून ज्या संपादकांच्या मराठीवर मी प्रेम केले, त्यांतील अनेकांना हे दिसले नाही, हे प्रबंधाचे काम करताना ध्यानी आले तेव्हा मला वाईट वाटले.

ज्यांना ते दिसले, त्यांत अग्रणी होते नारायण मेघाजी लोखंडे. जन्म १८४८, ठाण्याचा. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते. गिरणीत त्यांनी नोकरी केली होती. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये सुरू केलेल्या ‘दीनबंधु’ पत्राचे संपादन त्यांनी १८८० मध्ये हाती घेतले. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांच्या पुढाकाराने मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरल्या, आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. मागण्या अशा : आठवड्यातून रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच, वेतन पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि पाचवी मागणी ही की, कामावर जायबंदी झालेल्या माणसाला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा व कायमचे अपंगत्व आल्यास निर्वाहाची सोय व्हावी.

ही पाचवी मागणी मी प्रथम वाचली तेव्हा मला काकांचा हात आठवला. कामगार नुकसानभरपाईचा कायदा आपल्याकडे १९२३ मध्ये आला. म्हणजे ज्यांना निरक्षर म्हणून हिणवले गेले, त्या माणसांनी ही गोष्ट कायद्याच्या एकोणचाळीस वर्षे आधी मागितली होती.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. त्यानंतर १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. साप्ताहिक सुटीची कायदेशीर तरतूद पुढे १८९१ च्या कायद्यात आली. म्हणजे कायदा येण्याच्या आधीच मालकसंघाने एक सुधारणा स्वेच्छेने स्वीकारली, असे कागदोपत्री दिसते. मात्र त्या स्वेच्छेमागे मैदानावरची दहा हजार माणसे उभी होती. १८५५ चे मँचेस्टर आणि १८९० ची मुंबई यांत जो फरक पडला, तो या तिसऱ्या पक्षाच्या उपस्थितीमुळे पडला, असे माझे मत आहे.

३. आपले इंदूर

ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे संस्थानांना आपोआप लागू होत नसत. इंदुरात महाराजा दुसरे तुकोजीराव होळकर यांच्या काळात दरबाराने कापड गिरणी काढली; पुढे विसाव्या शतकात मालवा, हुकुमचंद, स्वदेशी, कल्याणमल, राजकुमार अशा गिरण्या उभ्या राहिल्या. या शाळेतील निम्म्या मुलांच्या घरचे घड्याळ म्हणजे गिरणीचा भोंगा होता. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कारखाना कायदा आला आणि १ एप्रिल १९४९ पासून अमलात आला. दिवसाला नऊ व आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा त्याने घातली. एकविसाव्या कलमाने यंत्रांना कुंपण सक्तीचे केले, आणि बाविसाव्या कलमाने चालू यंत्रावरील कामाला कडक अटी घातल्या. कागदावर हा कायदा उत्तम होता.

तो कागदाबाहेर कसा उतरे, हे मी वडिलांकडून ऐकले आहे. कारखाना निरीक्षक येणार, ही वार्ता आदल्या दिवशीच टाइम ऑफिसात पोहोचे. रात्रपाळीला झाडलोट होई. कोठीत पडलेल्या जाळ्या बाहेर येऊन यंत्रांवर बसत. साहेब येत, मॅनेजरांबरोबर चहा घेत, खात्यांतून फेरी मारीत, वहीवर सही करीत. ते लाचखाऊ होते असे वडील कधी म्हणाले नाहीत. ‘भले गृहस्थ होते; पण ते आमच्याशी बोलत, कामगाराशी बोलत नसत,’ एवढेच ते म्हणत.

काकांच्या अपघाताची हकीगत अशी. चाकांत कापसाचा गुंता अडके. तो काढायला यंत्र थांबवावे लागे. यंत्र थांबले की उत्पादन घटे, आणि जॉबर शिव्या देई. म्हणून जाळी काढून ठेवून चालत्या यंत्रातूनच गुंता ओढण्याचा प्रघात पडला होता. आता भरपाईच्या कायद्यात एक मेख होती. कामगाराने सुरक्षेचे साधन जाणूनबुजून दूर केले असेल, तर मृत्यू वगळता, मालकाची जबाबदारी टळू शकत असे. म्हणून ‘कारण’ या रकान्यातील शब्दांना पैशाचे मोल होते. वडिलांनी जे लिहिले, ते मॅनेजरांच्या सांगण्यावरून. आणि नोकरी जाऊ नये म्हणून लिहिले.

पुष्कळ वर्षांनी, वडील अंथरुणाला खिळले असता, काका त्यांना म्हणाले, “दादा, तू लिहिलंस ते काही खोटं नव्हतं. जाळी मीच काढली होती. पण का काढली, ते लिहायला त्या रकान्यात जागा नव्हती.”

वडील काही बोलले नाहीत. त्यांनी काकांचा तोच हात आपल्या हातात धरून ठेवला.

४. सहकार्याचा काळ

सहकार्याची कल्पना मुळातच फोल आहे, असे वरील हकिगतीवरून कोणी समजू नये. देशातले लाखो कारखाने आणि मूठभर निरीक्षक, हे गणित कधीच जुळणारे नव्हते. निरीक्षक वर्षातून एकदा येणार. उरलेले दिवस कारखाना ज्यांच्या हाती, त्यांनी मनावर घेतल्याशिवाय एकही जाळी जागेवर राहणार नाही. शिवाय यंत्राचे ज्ञान कारखान्यात असते, कचेरीत नसते. अमेरिकेतही १९१२ मध्ये मिल्वॉकी येथे उद्योगांच्या पुढाकाराने सुरक्षितता परिषद भरली आणि त्यातून पुढे तेथील राष्ट्रीय सुरक्षा परिषद जन्मली.

आपल्याकडे १९४५ मध्ये केंद्र सरकारने कारखान्यांसाठी मुख्य सल्लागाराचे कार्यालय सुरू केले. ‘सल्लागार’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. त्यातूनच पुढे मुंबईत शीव येथे केंद्रीय श्रमसंस्था उभी राहिली. डिसेंबर १९६५ मध्ये दिल्लीत औद्योगिक सुरक्षिततेवर परिषद भरली. तिच्यात केंद्र व राज्य सरकारे, मालकांच्या संघटना आणि कामगार संघटना अशा साऱ्यांचा सहभाग होता. तिच्या शिफारशीनुसार ४ मार्च १९६६ रोजी राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, आणि १९७२ पासून तो दिवस राष्ट्रीय सुरक्षा दिन म्हणून पाळला जाऊ लागला. प्रशिक्षण, भित्तिपत्रके, तपासणीच्या पद्धती, पारितोषिके असे पुष्कळ काम या मार्गाने झाले. ज्या मालकाला खरोखर सुधारणा करायची होती, त्याला कोणाकडे विचारायला जावे हे कळले. हे श्रेय दिलेच पाहिजे.

तथापि ४ मार्चला बिल्ला लावणे आणि ५ मार्चला जाळी पुन्हा कोठीत ठेवणे, हेही आपण पाहिले आहे.

५. भोपाळ

२ व ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री आपल्यापासून दोनशे किलोमीटरच्या आत जे घडले, त्याचे वर्णन मी करणार नाही. माझ्या वर्गातील दोन विद्यार्थी भोपाळचे होते. ते महिनाभर आले नाहीत, आणि परत आले तेव्हा त्यांना काही विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

इतिहासाच्या दृष्टीने ध्यानात घ्यायची गोष्ट निराळी आहे. युनियन कार्बाइडच्या त्या कारखान्यात धोका आहे, हे कोणाला ठाऊकच नव्हते असे नाही. मे १९८२ मध्ये कंपनीच्याच अमेरिकेतून आलेल्या पथकाने तपासणी करून अनेक दोष नोंदविले होते. त्याच वर्षी पत्रकार राजकुमार केसवानी यांनी आपल्या साप्ताहिकातून शहराला सावध केले होते. कामगारांनीही धोक्याकडे लक्ष वेधले होते. तिकडे राज्याच्या कारखाना निरीक्षकांची संख्या तुटपुंजी होती, आणि रासायनिक कारखान्याचे विशेष ज्ञान त्यांच्यापाशी नव्हते. म्हणजे कंपनीचे ज्ञान कंपनीत राहिले, कामगाराचे भय वस्तीत राहिले, आणि शासनाची वही तिसरीकडेच राहिली. तिघांना एकत्र बसविणारे मेज कोठेच नव्हते.

ते मेज मांडण्याचा प्रयत्न या दुर्घटनेनंतर झाला. १९८७ मध्ये कारखाना कायद्यात एक नवे प्रकरण घालण्यात आले. धोकादायक प्रक्रिया चालविणाऱ्या कारखान्याने कामगारांना व आसपासच्या लोकांना माहिती द्यावी. मालक व कामगार यांच्या समान प्रतिनिधित्वाची सुरक्षा समिती असावी. आणि तातडीचा धोका दिसल्यास तो निदर्शनास आणून देण्याचा हक्क कामगाराला असावा, अशा तरतुदी त्यात आल्या. १९९६ च्या नियमांनी केंद्रापासून स्थानिक पातळीपर्यंत आपत्ती गट निर्माण केले. त्यांत प्रशासन, कारखाना निरीक्षक, आरोग्य अधिकारी आणि उद्योगांचे प्रतिनिधी यांना एकत्र बसावे लागते. शासन आणि उद्योग यांच्या भागीदारीचे हे खरे विधायक रूप होय. पण त्यासाठी केवढी किंमत मोजावी लागली!

६. निरीक्षक की साहाय्यक?

इंग्लंडमध्ये १९७० साली लॉर्ड रॉबेन्स यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. १९७२ च्या अहवालात तिने म्हटले की, कायदे फार झाले आहेत. धोका निर्माण करणारे आणि त्यात काम करणारे यांनी मिळून तो आटोक्यात आणावा. या विचारातून १९७४ चा कायदा आला. येथे दोन गोष्टी विसरता येत नाहीत. पहिली : हेच रॉबेन्स राष्ट्रीय कोळसा मंडळाचे अध्यक्ष असताना, २१ ऑक्टोबर १९६६ रोजी वेल्समधील ॲबरफॅन गावी खाणीच्या टाकाऊ मातीचा डोंगर शाळेवर कोसळला आणि १४४ जण मेले, त्यांत ११६ मुले होती. दुसरी : त्या कायद्याने स्वयंनियमनाबरोबरच कामगार संघटनांना आपले सुरक्षा प्रतिनिधी नेमण्याचा हक्क दिला. नुसता मालकावर विश्वास टाकला नाही. अमेरिकेनेही १९७० च्या कायद्यानंतर १९८२ मध्ये ऐच्छिक संरक्षण कार्यक्रम सुरू केला आणि २००२ मध्ये उद्योगसंघटनांशी व इतर संस्थांशी सहकार्याचे करार करण्याची योजना आणली.

आपल्याकडे २०२० च्या व्यावसायिक सुरक्षितता संहितेने १९४८ च्या कायद्याची जागा घेण्याची तरतूद केली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती अमलात आली. तिच्यात ‘निरीक्षक’ या शब्दाला ‘सुविधाकर्ता’ हा शब्द जोडला गेला आहे. यंत्रशक्ती वापरणाऱ्या कारखान्याच्या व्याख्येसाठी पूर्वी दहा कामगार पुरत, आता वीस लागतात. भाषेचा विद्यार्थी म्हणून मला या जोडशब्दाचे कुतूहल वाटते. सल्ला देणारा निरीक्षक मला हवाच आहे. माझ्या काकांच्या खात्यात येऊन ‘गुंता अडकणारच नाही अशी जाळी बसवा’ असे सांगणारा कोणी असता, तर तीन बोटे वाचली असती. पण सुविधा कोणाची, हा प्रश्न त्या शब्दाला विचारलाच पाहिजे. गुरुवर्यांची शिकवण तीच होती.

७. उपसंहार

दीर्घ इतिहासातून मला जे दिसले, ते थोडक्यात सांगतो. शासन आणि मालकसंघ यांचे सहकार्य तीन अटींवर फळते. पहिली, त्या मेजावर कामगार बसलेला असावा आणि बोलल्याबद्दल त्याची नोकरी जाऊ नये. दुसरी, हाती लागलेली माहिती उघडी असावी. ती कंपनीच्या कपाटात राहू नये. तिसरी, सहकार्य फसले तर शिक्षा करण्याचा अधिकार निरीक्षकापाशी शिल्लक असावा. कारण ज्याच्या हाती काहीच नाही, त्याचा सल्ला केवळ सौजन्यापोटी ऐकला जातो.

हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली. एकेक करून इतर गिरण्यांचेही भोंगे थांबले. पण या सभागृहात बसलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी काहींचे पीथमपुरात कारखाने आहेत, काही तेथे अधिकारी आहेत, आणि काही शासनाच्या सेवेत आहेत. त्यांना माझी एकच विनंती आहे. आपल्या कारखान्यातही अपघाताची नोंद ठेवली जाते. आता ती वहीत असेल किंवा संगणकावर असेल. तिच्यात ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ हे शब्द लिहिण्यापूर्वी त्या माणसाजवळ जाऊन एकदा विचारा : ‘बाबा, जाळी का काढलीस?’ आणि तो जे सांगेल, ते लिहायला रकान्यात जागा ठेवा.

ती जागा ठेवणे माझ्या वडिलांना शक्य झाले नाही. आपल्याला ते शक्य आहे.